गिअरबॉक्स उतरवणारच आहे, तर हलकं फ्लायव्हील बसवू का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

‘माझ्याकडे 2012ची स्कोडा लॉरा 1.8 टीएसआय आहे, सहा गिअरची मॅन्युअल. 1,18,000 किलोमीटर झालेत. दोन वर्षांपूर्वी स्टेज वन रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनाच्या कंट्रोलरची फाइल बदलणं) करून घेतला. आता चौथ्या-पाचव्या गिअरला जोरात पाय दिला की आरपीएम वर पळतात आणि गाडी आहे तिथंच राहते. इंजिन बंद करताना खालून ‘धडक’ असा आवाजही येतो. गॅरेजवाले म्हणतात, क्लचबरोबर ड्युअल-मास फ्लायव्हीलही (इंजिनाच्या मागचं दोन चकत्यांचं जड चाक) गेलंय. कंपनीचं परत घालण्यापेक्षा साडेचार किलोचं अ‍ॅल्युमिनियमचं फ्लायव्हील आणि सिरॅमिक क्लच घाला, खर्च तेवढाच आणि गाडी उडेल. मी रोज सिंहगड रोडवरून हिंजवडीला जातो. महिन्यातून एकदा आई-बाबांना घेऊन कोल्हापूरला जाणं असतं. गाडी बायकोही चालवते. कुठलं फ्लायव्हील घेऊ? किती हलकं चालेल?’
– एक वाचक, पुणे

नमस्कार,

उत्तर आधी सांगतो, कारणं मागून येतील. साडेचार किलोचं घेऊ नका, आणि सिरॅमिक क्लच तर अजिबात नको. नवीन ड्युअल-मास आणि त्यावर जरा ताकदीचा ऑरगॅनिक (मऊ अस्तराचा) क्लच, हा तुमच्यासाठी पहिला पर्याय. हलक्याची हौस खरंच असेल, तर पोलादी सिंगल-मास, म्हणजे एकाच चकतीचं, आठ किलोच्या आसपासचं. पण ते काही अटींवर, आणि त्या अटी खाली लिहिल्या आहेत.

तुमच्या पत्रातलं माझ्यासाठी सगळ्यात मोलाचं वाक्य रिमॅपचं नाही, ‘गाडी बायकोही चालवते’ हे आहे. फ्लायव्हील हा असा भाग आहे की त्याचा निर्णय एकानं घेतला तरी तो प्रत्येक सिग्नलला, चालवणाऱ्या प्रत्येकाच्या डाव्या पायाला भोगावा लागतो.

हे बारा-बारा किलोचं लोखंड इंजिनाच्या मागे लटकवलंय कशासाठी, ते आधी बघू. गावाकडे विहिरीवर जुनं डिझेल इंजिन पाहिलं असेल तर चटकन लक्षात येईल. एकच सिलिंडर आणि दोन्ही बाजूंना मोठी चाकं. हँडल मारून ते चाक गरगर फिरवायचं, गती आली की डीकॉम्प्रेशनचा खटका सोडायचा, आणि धक् करून इंजिन धरायचं. चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो. उरलेले तीन स्ट्रोक ते चाकच इंजिनाला ओढून नेतं. तुमच्या लॉरात चार सिलिंडर आहेत, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट. तरी क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा दांडा) एका गतीनं फिरत नाही. प्रत्येक स्फोटाला पुढे उसळतो, मग मंदावतो, परत उसळतो. ही उसळी फ्लायव्हील गिळतं. ते जितकं हलकं, तितकी ती उसळी गिअरबॉक्सपर्यंत जास्त पोचते.

आता इथं टर्बोची गोष्ट येते. तुमचं इंजिन मुळात 160 पीएसचं आणि 250 न्यूटन-मीटरचं, आणि तो सगळा टॉर्क 1500 आरपीएमपासून मिळतो. बिनटर्बोच्या गाडीत एवढ्या खाली इंजिनात फारसा जोर नसतो, त्यामुळे उसळीही लहान. तुमच्याकडे 1500लाच सिलिंडरमध्ये ठासून हवा भरलेली असते, आणि वर रिमॅप. कमी आरपीएम आणि मोठा स्फोट, ही जोडी गिअरबॉक्सच्या दात्यांना सगळ्यात वाईट. म्हणून तर कंपनीनं तिथं ड्युअल-मास ठेवलंय.

ड्युअल-मास म्हणजे एकाऐवजी दोन चकत्या. एक क्रँकला बोल्टनं घट्ट, दुसरीवर क्लच बसतो. दोघींच्या मध्ये ग्रीसमध्ये बुडालेल्या लांब, कमानीसारख्या वाकवलेल्या स्प्रिंगा. पहिली चकती उसळते, स्प्रिंगा दबतात, दुसरी जवळजवळ शांत फिरते. खरी करामत निराळीच आहे. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स या साखळीला झोपाळ्यासारखी स्वतःची एक लय असते. त्याच लयीत धक्के बसले की थरथर वाढत जाते. साध्या फ्लायव्हीलला ही लय नेमकी आपण रोज ज्या आरपीएमला गाडी चालवतो तिथं येते. ड्युअल-मास ती लय खाली ढकलतं, आयडलच्याही खाली, जिथं गाडी कधी चालतच नाही. त्या पट्ट्यातून इंजिन फक्त दोनदाच जातं, सुरू होताना आणि बंद होताना. तुमचा ‘धडक’ आवाज बंद करतानाच येतो त्याचं हेच कारण असू शकतं. स्प्रिंगा थकल्या की त्या क्षणी चकत्या एकमेकींवर आदळतात.

‘असू शकतं’ म्हणतोय, कारण हाच आवाज इंजिनाच्या थकलेल्या माउंटचाही असतो. विशेषतः इंजिनाला पुढे-मागे झुलण्यापासून रोखणारं खालचं माउंट फाटलं की बंद करताना गाडी अशीच हिसका देते. माउंट बघणं हे पंधरा मिनिटांचं काम आहे. ते आधी करून घ्या.

आणि गिअरबॉक्स खाली आला की तुम्ही स्वतः तिथं उभे राहा. ‘गेलंय’ म्हणजे काय गेलंय ते दाखवायला सांगा. पुढची चकती धरून ठेवायची आणि मागची हातानं डावी-उजवीकडे फिरवायची. थोडी मोकळी फिरणारच, तशीच बनवलेली असते. मग कडेला धरून आत-बाहेर हलवून बघायची. किती फिरावी आणि किती हलावी याची मर्यादा बनवणाऱ्या कंपनीनं प्रत्येक पार्ट नंबरला वेगळी दिलेली असते, ती गॅरेजवाल्याकडे हवी. कडेनं ग्रीस बाहेर येऊन सुकलंय का, क्लच घासतो त्या भागावर निळे-जांभळे डाग आहेत का, हेही बघा. क्लच घसरत असताना तुम्ही बरेच महिने चालवली असेल तर ते डाग असतीलच, आणि ती उष्णता आतल्या ग्रीसपर्यंतही गेलेली असेल. ग्रीस बाहेर आलंय किंवा हलणं मर्यादेबाहेर आहे, मग वाद नाही, बदला. तुमच्या किलोमीटरला आणि रिमॅपला बदलावं लागलं तर मला नवल वाटणार नाही.

हलक्या फ्लायव्हीलनं काय मिळतं तेही मनापासून सांगतो, कारण ते खोटं नाही आणि मला ते फार आवडतं. पाय दिला की काटा लगेच उठतो. खालचा गिअर टाकताना नुसता टिचकीभर अ‍ॅक्सिलरेटर दिला की आरपीएम जुळतात. गाडी हातात आल्यासारखी वाटते. घाटात उतरताना तिसऱ्यातून दुसऱ्यात जाण्यात जो आनंद आहे, तो आकड्यांत सांगता येत नाही.

पण ‘गाडी उडेल’ याचा हिशोब करून बघू. इथं नुसतं वजन बघून चालत नाही, ते वजन मध्यापासून किती लांब आहे हे महत्त्वाचं. कडेचा एक किलो आणि मधला एक किलो यांत जमीन-अस्मानाचं अंतर. म्हणून कुणी नुसते किलो सांगितले की त्याला जडत्वाघूर्ण, म्हणजे ते चाक फिरवायला किती जड आहे तो आकडा, विचारा. चांगले बनवणारे तो आकडा देतात. समजा, तुम्ही सहा किलो कमी केले आणि ते मध्यापासून सरासरी नऊ सेंटिमीटरवर होते. म्हणजे जडत्वाघूर्ण साधारण 0.05 किलो-वर्गमीटरनं घटलं. पहिल्या गिअरला इंजिनाचे 14 फेरे होतात तेव्हा चाकाचा एक होतो असं धरा, आणि चाकाची त्रिज्या 31 सेंटिमीटर. गणित केलं तर पहिल्या गिअरमध्ये गाडीचं सुमारे 100 किलो वजन उतरल्यासारखा फरक पडतो. ऐकून कोणाचेही डोळे चमकतील. पण तिसऱ्यात, जिथं इंजिनाचे पाच फेरे होतात, तिथं तेच उतरतं 13 किलोवर. सहाव्यात अडीच फेरे धरले तर तीन-सव्वातीन किलो. एक्स्प्रेसवेवर ओव्हरटेक करताना मागच्या सीटवरची पाण्याची मोठी बाटली काढून ठेवल्याएवढा फरक. इंजिनाची ताकद एका पीएसनंही वाढत नाही. रोलर फिरवून मोजणाऱ्या डायनोवर आकडा वाढलेला दिसतो तो एवढ्यासाठीच, की फ्लायव्हील स्वतःला फिरवायला कमी ऊर्जा खातं आणि ती रोलरला मिळते.

टर्बोवाल्यांसाठी यात आणखी एक गोम आहे. टर्बोला फिरायला नुसते आरपीएम पुरत नाहीत, इंजिनावर भार आणि थोडा वेळही लागतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरला आरपीएम इतके झटकन चढतात की बूस्ट (टर्बोनं ठासलेल्या हवेचा दाब) भरायच्या आत गिअर बदलायची वेळ येते. म्हणजे जिथं फायदा सगळ्यात जास्त दिसतो, तिथंच टर्बो मागे राहतो. गिअर बदलतानाही तेच. पाय उचलला की आरपीएम दगडासारखे खाली येतात. तुमचा हात सवयीचा असेल तर ठीक, नाही तर प्रत्येक बदलाला एक छोटा हिसका. मागे बसलेल्या आईच्या मानेला तो कळतो.

आता सिग्नलवरचं चित्र बघा. गाडी जागची हलवायला सुरुवातीचा एक धक्का लागतो, आणि त्याचा बराच वाटा फ्लायव्हीलमध्ये साठलेल्या ऊर्जेतून येतो. माणसांसकट दीड टनाची गाडी ताशी पाच किलोमीटरला आणायला सुमारे 1,450 ज्यूल लागतात. 0.10 जडत्वाघूर्णाचं फ्लायव्हील 1000 आरपीएमला साधारण 550 ज्यूल धरून असतं, अर्ध्या जडत्वाघूर्णाचं धरतं 275. उरलेलं इंजिनानं द्यायचं, आणि 1000 आरपीएमला बूस्ट नाही, मे महिन्यात एसीचा कॉम्प्रेसर वेगळाच लटकलेला. म्हणजे तुम्हाला 1000ऐवजी 1800 आरपीएम करून हाफ क्लचवर निघावं लागणार. सिंहगड रोड ते हिंजवडी अशा किती वेळा निघता ते एक दिवस मोजा. दर वेळी क्लच थोडा जास्त घासतो, आणि ती उष्णता ओढून घ्यायला मागे लोखंडही कमी.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्याकडे 2005ची ऑक्टाव्हिया आरएस होती, 1.8 टर्बो, 150 पीएस. अजून कुणी त्या गाडीचं नाव काढलं की मी थांबून ऐकतो. तिला मी असंच अ‍ॅल्युमिनियमचं फ्लायव्हील घातलं होतं, पाच किलोच्या आतलं, आणि सोबत सहा पुड्यांचा, म्हणजे घासणारे सहा सुटे तुकडे असलेला, सिरॅमिक क्लच. पहिला आठवडा नुसता आनंद होता. मग डिसेंबरात वडिलांना घेऊन साताऱ्याला निघालो. खंबाटकी चढताना पुढे उसाचे ट्रक आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या, मुंगीच्या पावलानं. सिरॅमिक क्लचला हाफ क्लच माहीतच नाही, एक तर धरतो, नाही तर सोडतो. दोनदा गाडी चढावर बंद पडली, मागे ट्रक लागलेला. तिसऱ्यांदा मी जास्त रेस देऊन काढली आणि गाडीभर तो जळका वास पसरला. वडील काही बोलले नाहीत, फक्त काच खाली केली. त्यांचा हात पुढचे दहा किलोमीटर दरवाज्याच्या हँडलवर घट्ट होता, तो अजून डोळ्यांसमोर आहे.

नऊ हजार किलोमीटरला ते उघडलं. अ‍ॅल्युमिनियम स्वतः क्लचचं घासणं सहन करत नाही, म्हणून त्यावर पोलादाची एक पातळ कडी स्क्रूनं बसवलेली असते. ती कडी मी हातात घेऊन उजेडात धरली. मोरपिसासारखे निळे-जांभळे गोल, त्यांतून केसासारख्या बारीक चिरा, आणि एका स्क्रूचं डोकं अर्धं घासून गेलेलं. सपाट फरशीवर ठेवली तर एका बाजूनं नखभर डुलत होती. पातळ पोलाद तापतं लवकर, खालचं अ‍ॅल्युमिनियम त्याच्यापेक्षा जास्त फुगतं, आणि ओढाताणीत कडी वाकते. क्लच सोडताना गाडी थरथरायची त्याचं कारण ते होतं. रेसच्या ट्रॅकवर ही कडी वर्षात एकदा बदलायची वस्तू आहे, तिथं तिचं काम ती चोख करते. रोजच्या गाडीत ती बदलायची म्हणजे दर वेळी गिअरबॉक्स खाली.

त्यानंतर त्या गाडीला मी पोलादी सिंगल-मास घातलं. त्या पिढीच्या 1.8 टर्बोला फोक्सवॅगनच्याच जुन्या जी60 इंजिनाचं सिंगल-मास फ्लायव्हील आणि व्हीआर6 या सहा सिलिंडरच्या इंजिनाचा क्लच घालायची पद्धत जगभर रुळलेली आहे. ती टिकाऊ ठरली, कारण ते फ्लायव्हील हलकं करायच्या हौसेनं बनवलेलंच नव्हतं. कारखान्यात रस्त्याच्या गाडीसाठी बनलेला भाग तो. तुमचं इंजिन मात्र पुढच्या पिढीचं आहे, तेव्हा त्या जोडीतलं काही मागवू नका. सांगायचं एवढंच, की मला रस्त्यावर समाधान मिळालं ते मधल्या वजनात. त्या गाडीनं पुढची तीन वर्षं मला कधी सिग्नलला अडवलं नाही.

म्हणून तुम्हाला आठच्या आसपासचा आकडा सांगितला. या वर्गातल्या गाड्यांची ड्युअल-मास साधारण 10 ते 13 किलोची असतात. तुमचं उतरलं की ते काट्यावर ठेवून खरं वजन बघून घ्या, आणि नवं त्याच्या दोन-तृतीयांशाच्या खाली नेऊ नका. साहित्य एकाच पोलादी गोळ्यातून घडवलेलं हवं, ओतीव लोखंड नको. त्यावर अमेरिकेतल्या एसएफआय संस्थेची 1.1 ही खूण असेल तर ते फुटण्याच्या दृष्टीनं तपासलेलं आहे असं समजा. आणि कुणीही ‘तुमचंच जुनं लेथवर घासून हलकं करून देतो’ म्हणाला, तर तिथून गाडी घेऊन निघा. 6500 आरपीएमला फ्लायव्हीलच्या कडेचा वेग ताशी 300 किलोमीटरच्या वर जातो. ओतीव लोखंडात लेथच्या खुणेपासून चीर गेली तर तुकडे बंदुकीच्या गोळीसारखे निघतात, आणि ते तुमच्या पायांपासून दोन हातांवर असतं. काटकसरीची ही जागा नाही.

सिंगल-मास घालणार असाल तर अटी अशा. क्लच प्लेट मध्यभागी स्प्रिंगा असलेलीच हवी, कारण ड्युअल-मासमधल्या स्प्रिंगा गेल्यावर धक्का झेलायला तेवढ्याच उरतात. मधोमध ठोस असलेली प्लेट नको. घासणारा पदार्थ ऑरगॅनिक. न्यूट्रलला क्लच सोडून उभे असाल तेव्हा गिअरबॉक्समधून वाळू हलवल्यासारखी खरखर येईल, क्लच दाबला की थांबेल. तो बिघाड नसतो, दाते एकमेकांवर टकटक करत असतात. पण रोज दीड तास तो आवाज ऐकायची तयारी हवी, आणि घरी आधी सांगून ठेवायला हवं, नाही तर पहिल्याच दिवशी ऑफिसात फोन येईल. मला स्वतःला तो आवाज खपतो. माझ्या बायकोला कधीच खपला नाही, आणि तिचं बरोबर होतं.

एक तांत्रिक गोष्ट गॅरेजवाले बहुधा सांगत नाहीत. इंजिनाचा कंट्रोलर मिसफायर (एखाद्या सिलिंडरचा चुकलेला स्फोट) कसा ओळखतो, तर क्रँकच्या गतीतली उसळी मोजून. फ्लायव्हील फार हलकं झालं की निरोगी इंजिनाचीही उसळी वाढते, कंट्रोलरला वाटतं मिसिंग आहे, आणि दिवा लागतो. मग स्पार्क प्लग बदला, कॉइल बदला, पैसे जात राहतात. तुमच्या रिमॅपवाल्याला आधी विचारा की तो हे सांभाळणार आहे का.

आता पहिल्या पर्यायाकडे येतो, कारण मला मनापासून वाटतं तुम्ही तोच घ्यावा. तुमची मूळ तक्रार वजनाची नव्हतीच. क्लच घसरतोय, कारण तो 250 न्यूटन-मीटरसाठी बनवलेला आहे आणि रिमॅपनंतर त्यावर बरंच जास्त येतंय. फ्लायव्हील हलकं करून ते घसरणं थांबत नाही. ते थांबतं जास्त दाबाच्या प्रेशर प्लेटनं, म्हणजे क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या भागानं. रिमॅपवाल्याकडून तुमच्या गाडीचा खरा टॉर्क विचारा, आणि त्याहून वीस-पंचवीस टक्के जास्त झेलणारा क्लच घ्या. पन्नास-साठ टक्के जास्तीचा घेऊ नका. त्यानं पेडल जड होतं आणि क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर दर दाबाला जास्त भार येतो.

आणि रिमॅपवाल्याकडून आणखी एक काम करून घ्या. 2000 आरपीएमच्या खालचा टॉर्क थोडा कमी करायला सांगा. बऱ्याच स्टेज वन फाइलींत 1600-1700ला एकदम भिंत उभी केलेली असते, चालवून बघणाऱ्याला पाठीत धक्का बसावा म्हणून. ड्युअल-मासच्या स्प्रिंगा मारते ती हीच भिंत. टॉर्क 2200पर्यंत सौम्य चढाच्या रस्त्यासारखा हळूहळू चढवला तर वरच्या ताकदीत काही कमी होत नाही, आणि नवं फ्लायव्हील मूळ आयुष्याच्या बरंच जवळ जातं. तुमच्या सगळ्या खर्चात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम मला हे वाटतं. सोबत पायाची सवयही बदला. पाचव्या गिअरला 1400 आरपीएमवर पूर्ण पाय देऊ नका, एक गिअर खाली या. हलक्या फ्लायव्हीलची हौस असणाऱ्या माणसाला गिअर बदलायचा कंटाळा नसावा.

जोडणी करताना थोडं लक्ष द्या. लॉराची जोडणी आपल्याकडेच, छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला होत होती, पण एकाच मॉडेलमध्येही भाग बदलत असतात. म्हणून नुसतं ‘लॉरा 1.8’ सांगून मागवू नका, चॅसी नंबर, इंजिन कोड आणि गिअरबॉक्स कोड तिन्ही जुळवा. फ्लायव्हीलचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ताणून बसवलेले, तेव्हा नवे घ्या. सिंगल-मास घालत असाल तर त्याचे बोल्ट लांबीनं वेगळे असू शकतात, किटसोबत आलेलेच वापरा. घट्ट करायचे ते टॉर्क रेंचनं आणि वर कंपनीनं दिलेला कोन, अंदाजानं नाही. क्रँकचं मागचं ऑइल सील आणि रिलीज बेअरिंग याच वेळी बदला. ते सील पुढच्या वर्षी गळलं तर तेल थेट नव्या क्लचवर येतं आणि सगळी मजुरी परत. ड्युअल-मासची घासणारी बाजू लेथवर साफ करून परत वापरू असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. पुढच्या बाजूची क्रँकची पुलीही हलकी घालायचा कुणी आग्रह करेल. तिच्यात रबरी डॅम्पर असतो, क्रँकचा पीळ शमवायला. तिला हात लावू देऊ नका.

आणि विमा कंपनीला रिमॅप कळवला नसेल तर आता कळवा. हे मी दर पत्रात लिहितो.

तुमच्याकडे दुसरी गाडी असती, ही फक्त रविवारी पहाटे बाहेर निघणारी असती, तर मी इतकं लांब लिहिलं नसतं. सात-साडेसात किलोचं पोलादी घ्या आणि महाबळेश्वरला जाऊन या, असं दोन ओळींत कळवलं असतं. कधी तशी गाडी घरात आली तर जरूर करा, आणि त्या वेळी मला पुन्हा लिहा, किती आनंदानं उत्तर देईन.

नवा क्लच बसला की पहिले पाचशे किलोमीटर शहरातच चालवा, पूर्ण पाय न देता. प्लेटचा पृष्ठभाग थांबण्या-निघण्यातच बसतो, एक्स्प्रेसवेवर एका गिअरला पाचशे किलोमीटर मारून तो बसत नाही. त्या दिवसांत रिमॅपवाल्याकडून गाडी मूळ फाइलवर ठेवता आली तर उत्तम. वहिनींनाही त्याच आठवड्यात दोन-तीन दिवस चालवायला द्या. नव्या क्लचचं पेडल कुठं धरतं ते दोघांच्या पायांना एकदमच कळेल, आणि काही थरथर, आवाज जाणवला तर तो गॅरेजची वॉरंटी संपायच्या आत लक्षात येईल.